शाळेसाठी सॉफ्टवेअरची निवड : आधी मुलाची अडचण, मग खरेदी

(लोहारदा, जिल्हा देवास येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



देवास आणि धार ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याच्या शाखा या प्रदेशात स्थिर झाल्या आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी भाषा येथील काही घरांतून आजही बोलली जाते. परंतु आजच्या विषयाकडे पाहताना मला इतिहासापेक्षा या परिसरातील शाळेत बसलेले मूल अधिक महत्त्वाचे वाटते. हे मूल घरी मालवी, निमाडी, कोरकू किंवा मराठी बोलते. शाळेत त्याला हिंदीतून शिकावे लागते. आणि संगणकासमोर बसविले, की पडद्यावर पुष्कळदा इंग्रजी अक्षरे उमटतात. एकाच दिवसात तीन भाषांचे उंबरठे ओलांडणाऱ्या या मुलासाठी संगणकावरील कोणते साधन निवडावे, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

शब्दांचा खुलासा प्रथम करतो. डोळ्यांना दिसणारे यंत्र म्हणजे संगणक. त्या यंत्राने काय करावयाचे, हे सांगणारी आज्ञांची मालिका म्हणजे सॉफ्टवेअर. मराठीत तिला आज्ञावली असे नाव आहे. यंत्र हे फळ्यासारखे आहे आणि सॉफ्टवेअर हे फळ्यावर लिहावयाच्या धड्यासारखे आहे. फळा विकत घेताना आपण लाकूड पाहतो. धडा निवडताना मात्र मूल पाहावे लागते. शाळांना संगणक देण्याचा समारंभ थाटाने होतो, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पण त्या यंत्रात कोणता धडा आहे, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. या चौकशीचे महत्त्व आपणापुढे मांडावे, एवढाच माझा हेतू आहे.

मागील अनुभव

आपल्या देशात शालेय संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग १९८४ मध्ये झाला. केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या प्रकल्पाखाली सुमारे २५० माध्यमिक शाळांना ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक देण्यात आले. त्यांच्याबरोबर आलेले पाठही प्रामुख्याने तिकडचेच होते. यंत्र आले, पण मुलांची भाषा आणि त्यांचा अभ्यासक्रम त्या यंत्रात आला नाही. पुढे २००० च्या सुमारास मध्य प्रदेश शासनाने ‘हेडस्टार्ट’ या नावाने जनशिक्षा केंद्रांत संगणक ठेवून प्राथमिक वर्गांसाठी हिंदीतून पाठ पुरविण्याची योजना आखली. मुलाच्या शाळेतील भाषेपर्यंत संगणक पोहोचविण्याचे ते एक योग्य पाऊल होते.

संगणकामुळे मुले खरोखर अधिक शिकतात काय, याचे उत्तर काळजीपूर्वक केलेल्या काही प्रयोगांतून मिळते. त्यांतील पहिला प्रयोग मराठी माणसाला जवळच्या असलेल्या वडोदऱ्यातला आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते हेच शहर. तेथील महापालिका शाळांना शासनाने प्रत्येकी चार संगणक दिले होते; परंतु फारच थोड्या शाळांत ते वापरले जात होते. २००२ ते २००४ या काळात ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गुजराती भाषेतील गणिताचे खेळ त्या संगणकांवर सुरू केले. आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले, आणि मुलाला जमेल तसतसा कठीण होत जाणारा खेळ, असे त्याचे स्वरूप होते. त्या मुलांची गणितातील प्रगती इतर शाळांतील मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक झाल्याचे दिसून आले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर एका वर्षाने त्या प्रगतीचा थोडाच भाग शिल्लक राहिला होता. शेताला एकच पाणी देऊन पीक हाती येत नाही, हे सोयाबीन आणि गहू पिकविणाऱ्या आपणांस मी सांगावयास नको.

दुसरा प्रयोगही गुजरातेतलाच असून त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये मांडले गेले. तेथे एकच साधन दोन रीतींनी वापरण्यात आले. काही वर्गांत शिक्षकांच्या शिकविण्याच्या वेळेतून वेळ काढून मुलांना संगणकासमोर बसविले, तेव्हा ती मुले इतरांच्या मागे पडली. इतर ठिकाणी तेच साधन शाळेच्या वेळेबाहेर, जादा सरावासाठी दिले, तेव्हा मुलांना, विशेषतः अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांना, लाभ झाला. साधन तेच, मुलेही तशाच घरांतली. फरक होता तो साधन शिक्षकाच्या जागी बसविले की शिक्षकाच्या जोडीला दिले, एवढाच.

तिसरा प्रयोग दिल्लीतला असून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘माइंडस्पार्क’ नावाचे साधन वापरले होते. प्रथम मुलांची चाचणी घेतली, तेव्हा सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचे आढळले. म्हणजे पुस्तक सहावीचे आणि समज तिसरी-चौथीची. या साधनाने मुलाला सहावीचा धडा न देता त्याची समज जेथे थांबली होती तेथून सुरुवात करून दिली, आणि त्याच्या जोडीला लहान गटात शिकविणारा मार्गदर्शकही होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांनी चांगली प्रगती केली.

याउलट दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात मुलांना मोठ्या प्रमाणावर स्वतंत्र लहान संगणक वाटण्यात आले. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषा या विषयांत काही वाढ आढळली नाही. प्रत्येक हाती यंत्र होते. परंतु कोणत्या मुलाची कोणती अडचण त्या यंत्राने सोडवावयाची, हे ठरलेले नव्हते.

या चारही अनुभवांतून एकच सूत्र हाती लागते. सॉफ्टवेअरची निवड दुकानात किंवा कार्यालयात सुरू होत नाही. ती वर्गात, मुलाच्या वहीपासून सुरू होते.

पहिली कसोटी : अडचण कोणती?

खरेदीचा विचार मनात येताच शिक्षकांनी एका कागदावर आपल्या वर्गाची अडचण नेमक्या शब्दांत लिहावी. ‘मुलांचे गणित कच्चे आहे’ असे लिहून भागणार नाही. ‘पाचवीतील बारा मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, ५०२ मधून १७८ वजा करताना मधल्या शून्यापाशी ती अडतात’, असे लिहिले म्हणजे ती अडचण झाली. अशी अडचण समोर असली, की कोणत्याही विक्रेत्याला एक साधा प्रश्न विचारता येतो : आपले साधन या बारा मुलांना या शून्यापाशी कोणती मदत करील? उत्तरादाखल तो रंगीत चित्रे आणि संगीत दाखवू लागला, तर आपला प्रश्न अनुत्तरित राहिला, असे समजावे.

चुकलेल्या उत्तरावर साधन काय करते, हेही पाहावे. केवळ ‘चूक’ असा शब्द दाखवून पुढे जाणारे साधन परीक्षा घेते, शिकवीत नाही. चूक कोठे झाली हे ओळखून मुलाला एक पायरी मागे नेणारे साधन खऱ्या अर्थाने उपयोगी होय.

दुसरी कसोटी : भाषा आणि लिपी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड, म्हणजे मोबाईलने वाचता येणारी चौकोनी खूण, छापण्याच्या त्यांच्या कार्याची पुष्कळ प्रसिद्धी झाली. त्याआधीचे त्यांचे एक काम मात्र तितकेसे बोलले जात नाही. त्यांच्या वर्गातील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके मुलांना नीट समजत नव्हती. म्हणून त्यांनी पुस्तकांतील मजकूर प्रथम मुलांच्या मातृभाषेत आणला आणि मग त्याला ध्वनी, चित्रे व प्रश्न यांची जोड दिली. तंत्र नंतर आले, मुलाची भाषा आधी आली. लोहारद्यासारख्या, घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असलेल्या गावांना हा धडा फार मोलाचा आहे. पडद्यावरील भाषा मुलाला कळते काय, आणि शिक्षकांना त्यात आपल्या बोलीतील शब्द, आपला आवाज, आपल्या शेतातील उदाहरणे घालता येतात काय, हे विचारलेच पाहिजे.

लिपीचाही एक व्यवहारी मुद्दा आहे. मध्य प्रदेशात ‘कृतिदेव’ आणि महाराष्ट्रात ‘श्री-लिपी’ यांसारख्या जुन्या अक्षरसंचांत टंकलिखित केलेल्या प्रश्नपत्रिका पुष्कळ कार्यालयांत आहेत. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, की निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीतील देवनागरी मजकूर मात्र कोणत्याही नव्या संगणकावर किंवा मोबाईलवर वाचता येतो. जे साधन युनिकोड देवनागरी स्वीकारीत नाही, त्यात शिक्षकांनी घातलेले श्रम पाच वर्षांनी वाया जाण्याचा संभव आहे.

तिसरी कसोटी : मूल काय करते?

आपल्या शेजारच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तो चालविला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला आणि या संस्थेचे केंद्र देवास येथेही होते. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. त्यात संगणक नव्हता. स्वस्त साहित्याचा संच, चार-चार मुलांच्या टोळ्या आणि स्वतः प्रयोग करून वहीत नोंद करण्याची पद्धत, एवढेच त्याचे भांडवल होते. मुलाने पाहावे, करावे आणि मग सांगावे, हे त्याचे सूत्र संगणकाच्या साधनांनाही तंतोतंत लागू पडते.

‘जिओजेब्रा’ नावाचे भूमितीचे साधन २००१ पासून विकसित होत आले आहे. त्यात मूल पडद्यावर त्रिकोण काढते, त्याचा एक शिरोबिंदू इकडे तिकडे ओढते आणि तिन्ही कोनांची मापे बदलत असतानाही त्यांची बेरीज १८० अंशच राहते, हे स्वतः पाहते. येथे मूल काम करीत आहे. याच सिद्धांतावरील दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत मूल केवळ पाहत बसते. चित्रफीत टाकाऊ नव्हे; परंतु तिच्यासाठी शाळेने मोठा खर्च करण्याचे कारण नाही, कारण २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावर असे पुष्कळ साहित्य विनामूल्य मिळते. आणि जी गोष्ट शेताच्या बांधावर, तराजूने किंवा गोट्यांनी अधिक चांगली शिकविता येते, तिच्यासाठी संगणक उघडूच नये.

चौथी कसोटी : खर्च आणि अटी

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांत फरक आहे. मोफत साधनाला आज पैसे पडत नाहीत. उद्या पडू शकतात. मुक्त साधन वापरण्याचा, त्याच्या प्रती काढून दुसऱ्या शाळेला देण्याचा आणि त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. केरळ राज्याने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे आपल्या शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरचा अवलंब केला. त्यामुळे परवान्याच्या शुल्कात वाचलेला पैसा आणि मल्याळम भाषेत साधने घडविण्याची मोकळीक असा दुहेरी लाभ तेथे झाला. केंद्र शासनाच्या २०१२ च्या शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणातही मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याची भूमिका आहे.

किमतीचा हिशेब करताना पहिल्या वर्षाचाच आकडा पाहू नये. दरवर्षीचे नूतनीकरण, दुरुस्ती, वीज गेल्यावर लागणारी बॅटरी आणि इंटरनेटचे शुल्क धरून पाच वर्षांचा आकडा काढावा. इंटरनेट वारंवार तुटत असेल, तर त्याशिवाय चालणारे साधनच घ्यावे. ‘कोलिब्री’ हे साधन याच हेतूने तयार झाले आहे. एका संगणकात पाठ साठवून ठेवावयाचे आणि शाळेतल्या शाळेत इतर संगणकांना पुरवावयाचे, अशी त्याची रचना आहे.

वेळेचाही हिशेब करावा. वर्गात तीस मुले, पाच संगणक आणि चाळीस मिनिटांचा तास असेल, तर एकेका मुलाच्या वाट्याला सात मिनिटेसुद्धा येत नाहीत. दोन-दोन मुले बसविली, तरी तेरा मिनिटे. जे साधन उघडून नाव नोंदविण्यातच पाच मिनिटे घेते, ते या शाळेच्या उपयोगाचे नाही. उरलेली मुले त्या वेळात काय करतील, याची योजनाही आधी हवी.

आणखी एक अट पालकांनी ध्यानात ठेवावी. काही साधने मुलाचे नाव, वय, आवाज व छायाचित्र मागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. गणिताचा सराव करावयास मुलाचे छायाचित्र कशाला लागते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापास आहे.

निर्णय कोणी व कसा घ्यावा?

मी प्रसिद्धीच्या कामातील मनुष्य आहे, तंत्रज्ञ नाही. परंतु माहितीपत्रके लिहिणे हाच व्यवसाय असल्यामुळे ती वाचण्याची थोडी सवय आहे. ‘क्रांतिकारक’, ‘जागतिक दर्जाचे’, ‘हजारो शाळांची पसंती’ हे शब्द साधनाचे वर्णन करीत नाहीत. ते वाचणाऱ्याच्या मनाची मशागत करतात. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण-अहवालात नमूद केले आहे, की ब्रिटनमधील शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपैकी केवळ ७ टक्के कंपन्यांनी आपल्या उत्पादनाची शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी घेतली होती. तेव्हा पत्रक बाजूला ठेवून चाचणी आपणच घ्यावी. त्यासाठी विद्वानांची आवश्यकता नाही.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असतात. विक्रेत्याकडून साधन सहा आठवडे विनामूल्य वापरावयास मागावे. आरंभी मुलांना कागदावर दहा उदाहरणे घालावीत. निम्म्या मुलांना त्या साधनावर सराव द्यावा, निम्म्यांना तेवढाच वेळ शिक्षकांनी वही-फळ्यावर द्यावा. शेवटी तशीच दहा उदाहरणे पुन्हा कागदावरच घालावीत. समितीतील एका मातेने संगणकाच्या तासाला मागे बसून एवढेच टिपावे : माउस कोणाच्या हाती असतो, मुलींच्या वाट्याला तो येतो काय, आणि मागे पडलेले मूल काय करते. सहा आठवड्यांनंतर शिक्षक, समिती आणि अधिकारी यांनी तो कागद समोर ठेवून निर्णय घ्यावा. एवढ्या लहान चाचणीने शास्त्राचा सिद्धांत ठरणार नाही. परंतु शाळेचा पैसा कोठे घालू नये, हे बहुधा कळेल.

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे, की तपासणीच्या वेळी संगणक किती आहेत, या प्रश्नापाशी थांबू नये. कोणत्या मुलाची कोणती अडचण दूर झाली, हे विचारावे. शिक्षकांनी एखादे साधन निरुपयोगी ठरविले, तर त्यांचे म्हणणे कारणांसह नोंदवून घ्यावे. ज्या शिक्षकाला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार नाही, त्याच्या ‘हवे’ या शब्दालाही वजन राहत नाही.

आणि ग्रामस्थहो, शाळेतील खोलीला कुलूप असेल आणि आत संगणक झाकून ठेवलेले असतील, तर किल्ली कोणाकडे आहे, हे अवश्य विचारावे. पण कुलूप उघडल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : आत काय शिकवितात? आपल्या मुलाचे बालपण एकदाच येते, आणि चुकीच्या साधनापुढे गेलेले वर्ष कोणताही विक्रेता परत आणून देत नाही. पाचवीतील ती बारा मुले शून्यापाशी अडलेली आहेत. जे साधन त्यांना तेथून पुढे नेईल, ते संगणकाचे असो वा मातीच्या गोट्यांचे, तेच आपल्या शाळेसाठी योग्य साधन होय, असे नम्रपणे सांगून मी आपली रजा घेतो.